स्वस्तातला माईक

३ मार्च, मंगळवार
फोन भिंतीवर आपटावासा वाटला!
गायनवर्गात बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं - "घरी स्वतःचं रेकॉर्ड करून ऐक. मग माझ्याकडे ये." ऐकलं. सूर वर गेला की फोन फाटतो, खाली आला की गिळून टाकतो. मी बेसूर की फोन बेसूर, तेच कळेना. वर्गाच्या कार्यक्रमात मधलं कडवं एकीनेच म्हणायचंय. मी की घंटी, ते या महिन्यात ठरणार. घंटी म्हणजे वर्गातली ती सडसडीत बाई, पहिल्या दिवशी असं किणकिणत हसली की नाव पडलं ते पडलंच. आवाजही तसाच आहे. दुर्दैवाने.

४ मार्च, बुधवार
चष्म्याच्या दुकानात दिवसभर माझा एकच प्रश्न - "आता नीट दिसतंय? की आधीची काच बरी होती?" गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली फोन धरून माईक शोधते. एक म्हणतो कंडेन्सर घ्या. दुसरा म्हणतो चुकूनही घेऊ नका, डायनॅमिक घ्या. एकाच माईकखाली एकाने लिहिलंय, "नवशिक्यांसाठी उत्तम," आणि लगेच खाली दुसऱ्याने, "नवशिक्यांनी लांब राहावं." दोघेही भलते ठाम! डोकं उठलं.

७ मार्च, शनिवार
शेवटी वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, पण बोलायला लागला की थांबत नाही. डायनॅमिक म्हणे तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो. पण तो कॉम्प्युटरला थेट लागत नाही, मध्ये एक डबा लागतो, आणि तो डबा माईकहून महाग! कंडेन्सर मात्र बारीकसारीक सगळं टिपतो, आणि त्यात हा यूएसबीचा होता - वायर खुपसा आणि गा. माझ्या खिशाला झेपणारा तोच.
"घरात एखादी शांत खोली आहे ना?"
"आहे की!" - मी, मोठ्या तोंडाने.
सोबत कान पूर्ण झाकणारे हेडफोन. उघडे घेतले तर त्यातली पेटी-तबल्याची साथ बाहेर गळते आणि पुन्हा माईकमध्येच शिरते म्हणाला. स्टँडपुरते पैसे उरले नाहीत. माईक सध्या साखरेच्या डब्यावर उभा आहे.

८ मार्च, रविवार
शांत खोली! फ्रीजची घरघर. वरच्या मजल्यावरची सरकणारी खुर्ची. संडासाची टाकी. कामाला येणाऱ्या मावशींच्या फटफट चपला. आणि पलीकडच्या खोलीतून बाबा - "बरं. बरं. बरं."
पक्षाघातानंतर बाबांजवळ हा एकच शब्द उरलाय. भूक लागली - बरं. राग आला - बरं. ज्या माणसाची हाक चालू ट्रकच्या आवाजातूनही गल्लीच्या टोकाला पोचायची, त्याचं हे! दिवसा मावशी त्यांचं सगळं बघतात म्हणून माझी नोकरी तरी टिकली आहे.
मावशी दारात येऊन म्हणाल्या, "एकच ओळ किती दळता हो? माईक आणलाय तर भाषण तरी ठोका एखादं!"

१० मार्च, मंगळवार
नवीन ताप. मी गाते आणि कानात किंचित मागून पुन्हा मीच! जिना उतरताना मागच्याने टाचेवर पाय द्यावा तसं. ताल सुटला, मग सूर सुटला, मग माझा तोल सुटला. दुकानदाराला फोन केला. "हेडफोन कॉम्प्युटरला लावलेत का? माईकला लावा ना." माईकच्या बुडाशी भोक होतं. दोन दिवस त्यावर बोट ठेवून माईक उचलत होते मी.

१३ मार्च, शुक्रवार
दादाचा फोन. पुन्हा तेच - बाबांना संस्थेत ठेवू या.
"तिथे सतत माणसं असतात गं. घरी काय सुधारणा होतेय, सांग."
काय सांगू? बोलणं शिकवायला येणाऱ्या ताईंनीही हात टेकले. "फार आशा ठेवू नका," म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या.
मग दादा हळूच म्हणाला, "आणि तुझं गाणं... त्यांना त्रास होत असेल तर ते सांगणार कसे?"
लागलं मला ते. कारण मी गायला बसले की बाबा कूस बदलून भिंतीकडे तोंड करतात. मी बघितलंय.

१५ मार्च, रविवार
कपाटात गायले! कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही असं कुठेतरी वाचलं. घुमत नाही, खरंय. श्वासही घेता येत नाही. मावशींनी इस्त्रीचे कपडे ठेवायला दार उघडलं आणि अशी किंकाळी फोडली - ती मात्र सुरेख रेकॉर्ड झाली आहे.
खोलीचं दार लावून घेतलं तर निम्मा गोंधळ कमी होईल. पण बाबा पडले तर मला कळायचं कसं? दार उघडंच.

१६ मार्च, सोमवार
फ्रीज बंद करून गायले. पुन्हा चालू करायला विसरले. दूध नासलं.

१९ मार्च, गुरुवार
बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं. पूर्ण ऐकलंही नाही. "गळा बरा आहे गं. पण मागे काय चाललंय? बाजार भरलाय?" सगळे हसले. नंतर घंटीचं लावलं. स्वच्छ! काचेसारखं. तिच्या नवऱ्याने तिला माळ्यावर खोली करून दिली आहे म्हणे, भिंतींना गाद्या लावून.
घरी आले तर बाबांनी डाळ सांडलेली, मावशी गादी पुसतायत, आणि बाबा - "बरं. बरं." मी ओरडले. "काय बरं? काय बरं आहे यात?"
मग दादाला फोन लावला. म्हटलं, रविवारी ये आणि घेऊन जा.
तो म्हणाला, "नक्की?"
मी हो म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार
दुकानदार माईक बदलून देतोय! थोडी भर घालायची, डायनॅमिक न्यायचा, आणि कुणीतरी विकलेला जुना डबा तो त्यासोबत देईल. फक्त म्हणाला, "काय त्रास होतो ते रेकॉर्ड करून आणा, मला ऐकू दे." उद्या अर्धा दिवस रजा. मावशींना सांगितलंय, उद्या भांडी आपटा हवी तेवढी.
संध्याकाळी बाबांची बॅग भरली. दोन स्वेटर वर ठेवले. ते पलंगावरून बघत होते. आज "बरं"सुद्धा म्हणाले नाहीत.

२१ मार्च, शनिवार
रेकॉर्डिंग लावलं आणि गायला लागले. "नदीपल्याड दिवा लागला" इथवर आले तोच दारावर गॅसवाला. उठून गेले, माईक चालूच राहिला. जेवण झाल्यावर हेडफोन लावून बसले - दुकानदाराला कुठला आवाज कुठे आहे ते दाखवायला. फ्रीज. खुर्ची. मी. बेल. माझी लांब जाणारी पावलं.
आणि मग पलीकडच्या खोलीतून, खरखरीत, पण सुरात - "होडी सोड आता."
त्याच्या पुढची ओळही. त्याच्याही पुढची. सगळे शब्द!
परत परत ऐकलं. बाबांच्या खोलीत गेले. भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या पाठीशी टेकून बसले, ओळ अर्धी म्हटली आणि थांबले.
बाबांनी पुरी केली.