कवडी शेंड्यावरून घरी येते

कुरखेडा, पौष, सन २००८

वडील बहीण गिरजाबाई इले धाकट्या कमळाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. बाई, तुझा गुडघा वाकते का आता? दोन वर्षं झाली तुझं तोंड पाहून. इथी सारे खुशाल. धान घरात आलं, अन् मेलेली कवडी गाय रोज सांजेले घरी येते. भेऊ नको, आनंदाचीच गोष्ट हाये.

आपली नात रीता (नागपुरात कंप्युटर शिकते, भात अजून गिच्चच करते) परीक्षेच्या कामासाठी इथी येऊन राह्यली. तिनं कवडीच्या गळ्यात साबणाच्या वडीएवढा डबा बांधला. डबा आभाळातल्या उपग्रहाले विचारते, मी कुठी हावो? रीतानं सारं जंगल चौकोनात कापलं, हरेक चौकोनाले आकडा देला, त्याले घड्याळाचा आकडा जोडला. दुपारी तळ्यावर, सांजेले गोठ्यात, असे आकडे कंप्युटरच्या पेटीतल्या यंत्राले चारले. यंत्र गायीची आदत शिकते, अन् आदतीबाहेर काही झालं का लाल ठिपका देते. (आपल्या सासवाईले हे बिनायंत्राचं जमे.)

मंग वाघानं कवडीले नेलं. चार दिवस मले घास गेला नाई. रीतीप्रमाणं तिची लाकडी घंटी वाघोबाच्या मोहाच्या झाडाले, पार शेंड्यावर बांधली. त्याच दोरीत डबा होता, तो कोन सोडते? गायीचं ते वाघोबाचं. रीता रडली, डबा काढाले गाई चारणाऱ्या चैतू गायक्याले घेऊन निघाली. निघता निघता यंत्र पाह्यलं, तं कवडी दुपारी तळ्यावर, सांजेले गोठ्यात! एकही लाल ठिपका नाई. मोहापाशी गेलो, तं डबा जागच्या जागी. वारा नाई, अन् घंटी हालून राह्यली होती. चैतू म्हणाला, "मावशी, मी नाई चढत. चरू द्या तिले."

मी म्हणलं, पोरी, जागा मोजली, वेळ मोजली, उंची काऊन नाई मोजली? तिनं उंचीचाही आकडा जोडला. सारं लालच लाल! कवडी रोजच्याच वाटेनं येते, रोजच्याच वेळेले, फक्त मोहाच्या शेंड्याएवढ्या उंचीवरून. रीता म्हन्ते, "आजी, डबा बिघडला." म्हणलं, "बिघडलेल्या डब्याले गोठा कसा सापडते वो?" आता मी सांजेले गव्हाणीत कोंडा टाकतो. सकाळी कोंडा तेवढाच असते, पण चाटल्यासारखा ओला.

असो. भाऊजींले नमस्कार, लेकरांले मुके.

तुझी कमळा

ता. क. खरं काम राह्यलंच. रीताजवळचा दुसरा डबा मी कमरेले बांधला. यंत्र पंधरा दिवसांत आदत शिकते. इथल्या वाटा त्याले येतीनच, पण तुझं गाव कोरपना? म्हणून सोमवारच्या यष्टीनं पंधरा दिवस तुझ्याकडे येतो. एकदा वाट पाठ झाली का मेल्यावरही तुझ्याकडे येनं चुकत नाई. आता तं दोन-दोन वर्षं भेट नाई, मंग रोज येईन.

आनखी एक. हे लिव्हून झाल्यावर रीताले माझा ठिपका दाखव म्हणलं. तिनं पाह्यला, पेटी फटकन बंद केली, अन् वर आढ्याकडे पाहाले लागली. मी तं चुलीपाशीच बसून होतो. पाय जमिनीलेच हायेत, दोनदा पाह्यले. तरी सोमवारी दाराबरोबर माडीवरची खिडकीही उघडी ठेव.