जर्मनीचा परिच्छेद

४ ऑगस्ट
संपादक विनोदचा फोन. दिवाळी अंकाला लेख हवाय — कुठल्या देशात आजारपणाचा खर्च कोण उचलतं. "सोपं लिहा सर. तळेगावच्या बाजारात बसून वाचलं तरी कळलं पाहिजे." महिना आहे हाती. निवांत.
आईच्या पायाची जखम तशीच. साखर. अंगठा राहतो की काढावा लागतो, ते ड्रेसिंगवर आहे म्हणे. सरकारी दवाखान्यातली नर्स, गौतमी, ड्युटी संपली की घरी येऊन करून जाते.

९ ऑगस्ट
ब्रिटन झालं. कर भरायचा, दवाखान्यात खिशात हात घालायचा नाही. पण गुडघा बदलायचा तर रांग मोठी. आईला वाचून दाखवलं.
"आपल्याकडं रांग बी हाय आन् खिसा बी."
हे जसंच्या तसं लेखात घेतलं.

१५ ऑगस्ट
जर्मनी. आजारपणाच्या विम्याचा हप्ता पगारातून कापतात, साधारण निम्मा मालक घालतो. गौतमी पट्टी बांधता बांधता ऐकत होती. "म्हंजी कारेगावला कंपनीत आमच्या दादाचं ईएसआयला कापत्यात तसं?"
जवळपास तसंच. फक्त तिथं बहुतेक सगळ्यांचं.

१६ ऑगस्ट
जखम भरतेय.

२३ ऑगस्ट
गौतमीचे प्रश्न संपत नाहीत. तिथं नर्सला ड्युटी किती? थंडी सोसती का? भाषा यायलाच लागती का? असा वाचक मिळाला की हुरूप येतो. तिच्यासाठी पुन्हा शोधलं, एक परिच्छेद वाढवला — तिथं म्हातारी माणसं वाढलीत, नर्स कमी पडतात, बाहेरून बोलावतात. जागेसाठी जपान कापला.
आई मधेच म्हणाली, "त्याला काय इचारती गं? त्यो कुठं गेलाय तिकडं?" दोघी हसत बसल्या.

१ सप्टेंबर
लेख पाठवला, मुदतीच्या आधी. विनोद म्हणाला, "जर्मनी झकास उतरलंय."
आणि अंगठा वाचला! आईनं गौतमीला बसवून शेवयांची खीर घातली.

१२ सप्टेंबर
गौतमीनं पुण्यात जर्मनचा क्लास लावला. पुढच्या वर्षी जाणार. दवाखान्यात तिच्या जागी कोण, माहीत नाही. आईला सांगायला गेलो, तर तिला आधीच ठाऊक.
"मीच म्हणलं, जा. पाय माझा हाय, जल्म तिचा हाय."
अंक कालच छापायला गेला. 'बाहेरून बोलावतात' एवढंच लिहिलंय. कुठून, ते राहिलं.