जपून ठेवलेल्या बॅटऱ्या

प्रिय बाबा,

फोन सोडून ही पोरगी पत्र का लिहायला बसली, असं म्हणत चष्मा शोधत असाल. तो कपाळावर आहे. आधी बातमी सांगते, कारण मागाहून.

तुम्हाला माहीतच आहे, एक लांबच्या देशातली संस्था आमच्या केंद्राला देणगी देते. त्यातूनच लोकांना कानाची यंत्रं फुकट मिळतात आणि माझा पगारही निघतो. गुरुवारी संस्थेच्या बाई पाहणीला येणार होत्या. त्यांना पटलं तर देणगी चालू, नाहीतर केंद्राला कुलूप. आमच्या डॉक्टरांनी आठवडाभर सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. तपासणीच्या खोलीत बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना लावलेल्या गाद्यासुद्धा त्यांनी उन्हात घालायला लावल्या. चाळीस जणांना यंत्र घालून यायचं आमंत्रण गेलं.

सगळे आले, नटूनथटून. पहिल्या रांगेत आमच्या शिवणकामवाल्या मावशी. बाई मराठीत मोडकंतोडकं बोलल्या, तर लोकांनी अशा काही माना डोलावल्या की डॉक्टर फुलून गेले. मग बाईंनी विचारलं, यंत्र वापरणं कुणी सोडलंय का? असेल तर हात वर करा. नेमका तेव्हाच मावशींनी केसातली पिन नीट करायला हात वर नेला. ऐकू न येणाऱ्या माणसाची एक सवय असते, शेजारचा करील ते आपण करायचं. बघता बघता चाळीस हात वर. मागचे निवृत्त हेडमास्तर तर दोन्ही हात वर करून उभेच राहिले.

डॉक्टर पांढरेफटक पडले. मी धावत जाऊन मावशींचं यंत्र उघडलं, तर आत बॅटरीच नाही. कुणाच्याच यंत्रात नव्हती. देणगीत यंत्रं आली होती, सोबत एकेकच बॅटरी. पुढच्या बॅटऱ्यांचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मावशींनी पिशवीतून बटणांची डबी काढली. तिच्यात कापसात गुंडाळून बॅटरी ठेवलेली. मी कानाशी ओरडून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांबून कुणी प्रेमानं पाठवलेली वस्तू, ती काय रोज वापरून संपवायची?"

हसावं की रडावं कळेना. या बॅटऱ्यांवर हवा आत जाऊ नये म्हणून स्टिकर असतं, ते यंत्र देताना आम्हीच काढतो. ते एकदा काढलं, की वापरा नाहीतर ठेवून द्या, काही आठवड्यांत त्या संपतातच. मावशींनी जिवापाड जपलेली बॅटरी कधीच संपली होती. बाई मात्र पोट धरून हसल्या, मग डोळे पुसले. देणगी चालू राहिली, यापुढे बॅटऱ्याही मिळणार. माझी नोकरी वाचली.

आता कारण. मागच्या रविवारी मी फोनवर रडत सांगितलं, की बाबा, केंद्र बंद पडेल, मला झोप लागत नाही. तुम्ही म्हणालात, "छान, छान. अशीच आनंदात राहा." मी फार चिडले होते. गुरुवारी ते चाळीस हात पाहिले आणि माझा राग गेला. पहिल्या पगारातून मी आणलेलं यंत्र तुम्ही कपाटात इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवलंय, लेकीनं दिलेलं खराब होऊ नये म्हणून, हे आई कधीची सांगतेय. मी त्याला तुमचा हट्ट समजत होते. सोबत नव्या बॅटऱ्या पाठवतेय. रविवारी सकाळी एकीचं स्टिकर काढा, यंत्र घाला आणि दहा वाजता फोन तुम्हीच उचला. आणखी एक बातमी आहे. ती मी इथे लिहिणार नाही आणि आईलाही सांगितलेली नाही. ती तुम्हालाच ऐकावी लागेल.

तुमचीच,
धाकटी