लांबी किती देऊ?

२ एप्रिल, सकाळ
काल आमच्या ओमकारचा साखरपुडा. त्याची होणारी सासू बाळीबाई मुरबाडहून आली, आमच्या हॉलच्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पूड निघते गो, विहीणबाई." चहा यायच्या आधी! अगं बाई, तो चुना आहे. तुझ्यापेक्षा जुना.

रात्री ओमकारने हळूच विषय काढला. लग्नानंतर आसनगावला स्टेशनजवळ भाड्याचा फ्लॅट बघू का? होणाऱ्या सुनेला, प्रियांकाला, लोकल बरी पडेल. लोकल हे निमित्त. खरं कारण भिंत. ती आरशासारखी झाली की मुलगा घरातच राहील.

४ एप्रिल
रंगारी आला. तंबाखू मळत माझी भिंत न्याहाळली. हाकलला. रंग मी स्वतः देणार. कॉन्व्हेंटमध्ये हँडरायटिंगचं बक्षीस दरवर्षी मला. ब्रश म्हणजे मोठं पेन, दुसरं काय?

५ एप्रिल
रंगाच्या दुकानात काळूरामने विचारलं, "मॅडम, लांबी किती देऊ?" मी सांगितलं, बारा फूट. बाकड्यावरचे सगळे हसले. एकजण म्हणाला, "उंची पण सांगा ना." सांगितली. आणखी हसले. रंगाचा डबा आणि रोलर तेवढा घेऊन निघाले. अचूक माप दिलं की हसणारं गाव!

संध्याकाळ
माझे यजमान सुदामराव म्हणतात, लांबी म्हणजे भिंतीचे खड्डे भरायची पुट्टी. हे आत्ता सांगतात. वर म्हणाले, "मी जाऊन आणतो." मुळीच नाही! त्या दुकानात आता या घरातलं कुणी पाऊल ठेवणार नाही. आणि जिला ना लांबी ना रुंदी, तिला लांबी म्हणणाऱ्यांकडून मी रंगकाम शिकू?

९ एप्रिल
पहिला हात मारला. शेजारची धोंडीबाई दारातूनच ओरडली, "चुना खरवड ना आधी! रंग धरायचा नाय." खरवडणं कोंबड्यांचं काम, असं मी तिला सांगितलं. तिच्याकडे कोंबड्या आहेत. राग आला तिला.

सुदामरावांना पट्टे दिसतात. त्यांचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

१२ एप्रिल
दुसरा हात. खड्डे आता जास्त स्पष्ट दिसतात. हा रंगाच्या क्वालिटीचा पुरावा. ट्यूबलाइट काढून पिवळा बल्ब लावला. भिंत एकदम स्मूद.

१९ एप्रिल
दोन-तीन फुगे आलेत. उन्हाळा. सोफा सरकवला. नियम केला की लग्नघरात कुणीही भिंतीला टेकायचं नाही. धोंडीबाई म्हणाली, "मंग आमी काय, पंख्याला लटकू?" हिला बोलावणंच चुकलं.

ओमकार सारखा भिंतीकडे बघतो. इम्प्रेस झालाय. फ्लॅटचं नाव काढत नाही.

२ मे
लग्न झालं. नवरीने माप ओलांडलं. मग कुणीतरी कुंकवाचं ताट पुढे केलं. नव्या सुनेने भिंतीवर हाताचा ठसा उमटवायचा असतो, हे मी साफ विसरले होते. म्हटलं, कागदावर घेऊ, फ्रेम करू. बाळीबाई कडाडली, "माझ्या पोरीचा हात कागदावर? शाळेत नाव घालताय का तिचं?"

प्रियांकाने तळवा भिंतीवर दाबला. काढला. रंगही आला. अख्खा पापुद्रा, तव्यावरून चपाती सुटावी तसा. मागे जुना चुना, पाच बोटांच्या आकाराचा. सुनेचा हात भिंतीवर उमटायचा, तर माझी भिंत तिच्या हातावर उमटली.

बाळीबाई म्हणाली, "लांबी कमी पडली वाटतं, विहीणबाई." म्हणजे काळूरामचं तोंड मुरबाडपर्यंत पोचलं!

चूक कुंकवाची. पाणी फार घातलं होतं.

प्रियांका हसली नाही. हात धुऊन आली आणि माझ्याजवळ बसून म्हणाली, "आई, आसनगाव काय लांब नाय."

११ मे
मुलांचा आसनगावचा फ्लॅट बघून आले. लाज वाटावी अशा भिंती! दोघांना म्हटलं, अर्धा डबा रंग उरलाय, रोलर आहे, आता अनुभवही आहे. तुम्ही दोघं कामाला गेलात की मी येऊन निवांत करते. एक चावी तेवढी देऊन ठेवा.

ओमकार खिडकीबाहेर बघायला लागला. प्रियांका म्हणाली, "चावी एकच आहे हो, आई."

निघताना चप्पल घालता घालता वर पाहिलं. खिळ्याला दोन होत्या.