उटीचा दगड

निफाड

प्रिय हर्षू,

फोनवर माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुझी दोन होतात, म्हणून हे पत्र. हातात चहा घे, निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. मधेच फोन लावलास तर मी उचलणार नाही, आधीच सांगते.

तर बातमी अशी, की आपली जीप गडावर जाऊन आली! थेट सप्तशृंगीच्या गडावर, आणि चालवत होती तुझी आई. नांदुरीच्या घाटात मागून आलेला पिकअपवाला हॉर्न वाजवून दमला, पण मी काही त्याला पुढे जाऊ दिलं नाही. शाळेत पोरांना शिस्त शिकवणारी बाई घाटात अशी वागते, हे आमच्या हेडमास्तरांना कळवू नकोस.

उन्हाळ्यात तू म्हणाली होतीस, "आई, विकू नकोस. हवी तर दुरुस्त कर, पण जीप बाबांचीच राहिली पाहिजे." ते मी पदराला गाठ मारून ठेवलं होतं. तुझे बाबा गेल्यापासून ती शेडमध्ये उभी. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची, पण मला चालवायची होती ती हीच. म्हणून पंचवटीतल्या शेखर यांच्या गॅरेजात टोचन करून नेली. शेखर म्हणजे मागे तुला दाखवले ते, चष्मा कपाळावर ठेवून सगळ्या गॅरेजभर चष्मा शोधणारे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. गॅरेज आणि एक मांजर, एवढाच संसार.

जुन्या इंजिनात काही राम उरला नव्हता, हर्षू. आणि खरं सांगू का, तो आधीही फारसा नव्हता. सपाटीवर वाघ आणि चढावर शेळी! म्हणून एका मोडीत निघालेल्या पिकअपचं मोठं, टर्बोवालं इंजिन बसवायचं ठरलं. मला वाटलं, जुनं काढलं, नवं ठेवलं, झालं. कसलं काय! शेखर यांनी आधी ब्रेकच उघडले. मी म्हटलं, अहो, गाडी पळवायची आहे ना? तर म्हणाले, "मॅडम, ताकद नंतर. आधी थांबायची सोय." मग मोठे ब्रेक, जाड क्लचप्लेट, इंजिन धरायला नवे पाये, मोठा रेडिएटर, आरटीओत नव्या इंजिनाची नोंद. मी दर शनिवारी शाळा सुटली की नाशिकची बस धरायची. पहिल्यांदा नुसती बघत बसायचे. मग पाने हातात द्यायला लागले. पुढे पुढे तर माझ्या साड्यांना ग्रीसचा वास यायला लागला आणि धुणं धुताना मला तो आवडायलाही लागला.

तुझी अट मी विसरले नव्हते. त्या इंजिनाच्या आवाजात बाबा ऐकू येतात असं तू म्हणायचीस, म्हणून ते भंगारात दिलेलं नाही. पडवीत पाटावर ठेवलंय, दसऱ्याला हळदकुंकूही वाहिलं. आणि उसाच्या बैलगाडीला धडकून बाबांनी डाव्या मडगार्डला पाडलेला तो पोचा? रंगकामाच्या आधी शेखर यांनी मला मुद्दाम विचारलं, "हा काढायचा का राहू द्यायचा?" मी पोच्यावर तळहात ठेवला. त्यांनी मान हलवली आणि रंग पोच्यावरून हलक्या हाताने फिरवला. पोचा जिथल्या तिथे आहे.

आता गडाची गंमत ऐक. कोजागिरीची गर्दी पांगली आणि आम्ही निघालो. नवं इंजिन पहिल्यांदाच देवीला जाणार, म्हणून मी आदल्या दिवशी बसून झेंडूचा हार केला. चांगला मनगटाएवढा जाड, मधे आंब्याची पानं. शेखर म्हणाले, इतका छान हार एकेरी कसा लावायचा? म्हणून जीपच्या पुढच्या जाळीवर त्याचे वेढ्यावर वेढे घेतले आणि तारेने घट्ट आवळले. नववधूसुद्धा इतकी सजत नाही. पिंपळगावपर्यंत आम्ही दोघं स्वतःवरच खूश होतो. वणी सोडली तसा काटा वर सरकायला लागला. घाट लागला आणि काटा लाल रेघेला टेकला. शेखर यांचा चेहरा उतरला. थर्मोस्टॅट गेला असेल, नाहीतर पाण्याचा पंप, नाहीतर हेडच बसलं असेल, असं एकेक म्हणत होते. आणि थांबावं लागलं कुठे? आपल्याच त्या वळणावर, जिथे जुनी जीप दर वेळी दम टाकायची आणि बाबा ओरडायचे, "हर्षू, उटी!" मग तू मागून उडी मारून तो काळा दगड चाकामागे लावायचीस. फ्रॉक धुळीने भरलेला, पण मिजास अशी की सगळी जीप तूच धरून ठेवली आहेस.

माझा पाय ब्रेकवर, गाडी चढावर, आणि काय झालं कोण जाणे, माझ्याही तोंडून तेच निघालं. "हर्षू, उटी!" म्हणून मी ओरडले. ओरडल्यावर कळलं, मागे कोणीच नाही. पण तेवढ्यात शेखर खाली उतरले होते. मागच्या सीटखालून तो दगड काढून चाकामागे लावूनही झाला होता. दगड तिथे असतो हे मी कधीतरी बोलले असेन. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

बॉनेट उघडून आम्ही कडेला बसलो. तिथे एक बाई शेळ्या चारत होती. तिची एक शेळी सरळ आमच्या हाराला लागली. मी हुसकायला उठले, तर बाई म्हणते, "खाऊ द्या हो ताई. देवीला तुम्ही नारळ देणारच हाय, हिला झेंडू तर द्या." शेळीने बघता बघता जाळी साफ केली. इंजिन निवल्यावर पाणी भरलं, गाडी चालू केली, पुढच्या वळणावर बघते तर काटा मधोमध! तसाच गडापर्यंत. शेखर यांनी कपाळावर हात मारला, चष्मा खाली पडला. "रेडिएटरला वाराच लागू दिला नाही आपण! जन्म गेला गॅरेजात, आणि अक्कल शिकवली शेळीने." इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. किती दिवसांनी अशी हसले, हर्षू.

एक सांगायचं राहिलं. वळणावरून निघताना शेखर यांनी तो दगड उचलला, आपल्या रुमालाने पुसला आणि होता तिथे परत ठेवला. म्हणाले, "आज मी लावला, पण हे काम पोरीचंच." मला जे कळायचं ते तेव्हाच कळलं. मग गडावर, दर्शन झाल्यावर, पायऱ्यांवर बसून त्यांनी मला विचारलं. लग्नाचं. मला ते हवे आहेत, हर्षू. हे लिहिताना या वयात गाल तापलेत, हसू नकोस. तुझ्या बाबांवरची माझी माया कणभरही हललेली नाही आणि शेखर यांना ती हलवायचीही नाही. पण तू नको म्हणालीस तर मी सही करायला जाणार नाही, हे त्यांना तिथेच सांगितलं. ते म्हणाले, "मग आधी तिला घेऊन गडावर येऊ." दिवाळीला ये, बाळा. मी चालवीन, ते शेजारी बसतील, तू मागे बस. हार एकेरीच लावू. गाडी आता चढावर थांबत नाही, पण त्या वळणावर मी मुद्दाम थांबवणार आहे. दगड सीटखालीच आहे.

तुझीच वाट बघणारी,
आई