आपलं की उपरं

९ फेब्रुवारी
रविवार, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग पाठीत एक धपाटा. तुझं पत्र मिळालं. ‘वहिनी, दादा फोनवर नुसतं बरं, बरं म्हणतो आणि फोन तुझ्याकडे देतो. अजून रागावलाय. तो स्वतः ये म्हणेपर्यंत मी येणार नाही.’ तुमच्या घराण्यात राग सगळ्यांच्याच नाकाच्या शेंड्यावर! त्याचं उत्तर देते, पण आधी दादांच्या तळ्याची खबर ऐक.

मागच्या खेपेला तू ज्याला डबकं म्हणालास, तिथे आता बगळे उतरतात. पायवाट पार पंपघरापर्यंत गेली. गवंडीकाकांनी पाण्याकडे तोंड करून बाक बांधला, तो थोडा पुढे कललाय. ‘मुद्दाम केलाय, बसणाऱ्याची नजर तळ्यावर राहावी म्हणून,’ असं ते सांगतात आणि आम्ही मान डोलावतो. दर रविवारी सकाळी सगळे जमतात. आपले दंतवैद्य तण काढतात तेव्हा मूळ कधी आत राहत नाही. शिंपीणबाई कात्री घेऊन कुंपण छाटतात आणि तेवढ्या वेळात गावभरच्या भानगडी सांगून होतात.

आमचा पहिल्या वर्षीचा पराक्रम तुला ठाऊक नसेल. काठावरचं पाणकणीस आम्ही तण समजून झाडून सारं उपटलं. काय स्वच्छ दिसत होतं! पावसाळ्यात माती धरायला मुळंच उरली नाहीत, तो काठच घसरून पाण्यात गेला. तेव्हा दादांनी नियम केला: एकाच्या सांगण्यावर काही उपटायचं नाही आणि ठेवायचंही नाही. रोपाकडे बोट दाखवून मोठ्यानं विचारायचं, ‘आपलं की उपरं?’ दोघांनी एकच उत्तर दिलं, तरच ठरलं. अजून सकाळभर तळ्यावर तोच गजर चालतो. शिंपीणबाई तर भाजीवाल्यालाही तसंच विचारतात.

बाकी सगळं ठीक. दादांची तब्येत उत्तम आहे. जेवण, झोप, फिरणं, सगळं व्यवस्थित.

एवढं लिहून मी उठले आणि चहा करून आले. पुढचं लिहू नये असं वाटत होतं. पण तू तिकडे रुसून बसणार असशील, तर न लिहून कसं चालेल?

वर्षभराची मेहनत एका सकाळी गेली, ती अशी. बाकाशेजारी आम्ही जास्वंदीची रांग लावली होती. मी पोचले तोवर दादांनी ती एकट्यानं, कुणालाही न विचारता, मुळासकट उपटून ढीग घातला होता. घामाघूम झाले होते आणि खुशीत होते. आम्ही तो ढीग उचलून टाकला. पुढच्या रविवारी रिकामी जागा बघून तेच कडाडले, ‘कुणी केलं हे?’ मी खाली बघितलं. दंतवैद्य म्हणाले, ‘बकऱ्या, दादा. मोकाट सुटल्यात.’ मग सगळेच बकऱ्यांना शिव्या द्यायला लागले. दादांनी सर्वांत जास्त दिल्या.

तेव्हापासून दादांसाठी पंपघरामागे एक कोपरा राखलाय. तिथे तण वाढू देतात. दादा उपटतात, पुन्हा उगवतं, आणि सगळ्यांचं काम व्यवस्थित चालतं. हे कुणी बसून ठरवलं नाही. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटतं.

तर, दादा रागावलेले नाहीत रे. डबकं म्हणालास ते त्यांच्या लक्षातच नाही. फोनवरचा आवाज कुणाचा हे कळत नाही, म्हणून बरं, बरं म्हणतात आणि माझ्याकडे देतात. विसरायला लागले आहेत. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाईल. मला भीती वाटते, आणि ती घरात कुणाला सांगायची सोय नाही.

काल ते बाहेरच्या खोलीतल्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. तोच, सायकलच्या दांडीवर तू आणि हँडल धरून दादा. त्यांनी तो खिळ्यावरून काढला, तुझ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘हा आपला की उपरा?’

‘आपला,’ मी म्हटलं.

माझ्याकडे अगदी पूर्वीसारखं रोखून बघितलं. म्हणाले, ‘आणखी कोण म्हणतं?’

घरात आणखी कोण असणार? नियम त्यांचाच. फोटो टेबलावर ठेवलाय. मी दोनदा भिंतीवर लावायला गेले, तर हात धरला. ‘ठरलं नाही अजून,’ म्हणाले.

त्यांच्या बोलावण्याची वाट बघू नकोस. दारात उभा राहा आणि मोठ्यानं सांग. माझं एकटीचं धरत नाहीत.

दुसऱ्या आवाजाची वाट बघणारी,
तुझी वहिनी