पासष्ट मिलिमीटर

१० फेब्रुवारी

नाही! गाडीची उंची कमी करणार नाही. आजच लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी गोड बोलून पटवायला आलं तर ही ओळ माझी मलाच दाखवता येईल.

कप्तानाने आज पुन्हा तोच विषय काढला. आमच्या मोटारसायकल गटाचा म्होरक्या, वयाने माझ्या निम्मा. 'कप्तान' हे नाव मीच ठेवलेलं. अठरा एप्रिलला सगळे पठारावर जाणार आहेत, नव्वद किलोमीटर नुसते दगड आणि खडी. त्याचं म्हणणं, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, तर सस्पेन्शन बदलून गाडी बुटकी करून घ्यावी. नाहीतर मागून जीपमधून यावं, सामानाबरोबर.

सामानाबरोबर! सत्तावन्न वर्षांची बाई म्हणजे याच्या लेखी तंबूची गुंडाळी.

गाडी बुटकी केली की तिचं पोट दगडांना घासणार, चाकाला वरखाली व्हायला जागा उरणार नाही. पाहुणा उंच आहे म्हणून त्याचे पाय कापायचे? दार उंच करा की.

१३ फेब्रुवारी

स्प्रिंगवाला सापडला. टायरच्या दुकानामागे लांबट खोली, भिंतीवर ओळीने शॉकअॅब्सॉर्बर टांगलेले. हा माणूस दुसरं काही करतच नाही. इंजिन बिघडलं तर म्हणतो, शेजारी विचारा.

जमिनीकडे बघत पहिला प्रश्न केला, "ताई, वजन किती?" सांगितलं, साठ. मग हेल्मेट, जाकीट, बूट असं सगळं चढवून मला गाडीवर बसवलं. एक बोट भिंतीला लावून तोल धरायचा, श्वास सोडायचा, हलायचं नाही. त्याने मागच्या चाकापासून वरपर्यंत टेप लावली. माणूस बसल्यावर गाडी किती दबते ते मोजायचं. माझ्या गाडीला हवं पासष्ट मिलिमीटर. भरलं अठ्ठेचाळीस.

"ही स्प्रिंग पंच्याऐंशी किलोच्या माणसासाठी आहे. तुम्ही बसलात हे तिला कळतच नाही."

मी म्हटलं, तीस वर्षं संपादकांच्या बैठकीत माझं हेच होत होतं. तो हसला नाही. कामातला माणूस.

तर उपाय सोपा आहे. उंची कापायची नाही. माझ्या वजनाची मऊ स्प्रिंग टाकायची. गाडी माझ्याखाली नीट बसेल, चाक जमीन सोडणार नाही. मागवली.

१४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. हे म्हणाले, "हं."

२० फेब्रुवारी

टेबलावर ह्यांच्या अक्षरात एक कागद. 'विकणे आहे. मोटारसायकल, उत्तम स्थितीत, वापर कमी.'

लाल पेन घेतलं. 'उत्तम स्थितीत' याला पुरावा मागितला. 'वापर कमी' खोडून 'वापर वाढता' केलं. खाली लिहिलं — मजकूर नाकारला, उपसंपादक. कागद जागेवर ठेवून दिला.

दुपारी बघते तर कागद गेलेला. जेवताना ह्यांनी भाजी स्वतःहून वाढली.

२७ फेब्रुवारी

बसली! पासष्ट, बरोबर पासष्ट. नुसती गाडी, माझ्याशिवाय, एकवीस. दोन्ही आकडे स्प्रिंगवाल्याने खडूने भिंतीवर लिहिले. आणि पंजे टेकतात! आधी नुसती बोटं टेकायची. टाचणीभरही न कापता सतरा मिलिमीटर खाली आले. कप्तानाला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, एकदा तुम्ही मोजता का, खात्रीसाठी. हा माणूस आयुष्यभर सर्व्हेअर होता. खिडकीचा पडदा घ्यायचा तरी तीनदा मोजतो आणि सरासरी काढतो. एका मापावर विश्वास ठेवणारा माणूस एका पायावर उभा असतो, असं म्हणतो.

"त्या वेडेपणाला मी टेप लावणार नाही," म्हणाले.

नका लावू. गावची जमीन मोजलीत, बायकोची हौस मोजवत नाही.

८ मार्च

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्या उघड्या असतात. त्यावर चिखल वाळतो, खडीची कच बसते, ती आत ओढली जाऊन ऑइल सील कापते. मग तेल गळतं. तयार रबरी आवरणं माझ्या मापाची मिळेनात, म्हणून जुना रेनकोट घेऊन नणंदेकडे गेले. तिचं शिवणाचं दुकान आहे.

"वहिनी, इतक्या वर्षांत माझ्याकडून एक सदरा शिवून घेतला नाहीस. आता दुचाकीला बाह्या?"

शिवल्या मात्र झकास. वर-खाली वेलक्रो, धुवायला काढता येतील अशा. मागच्या शॉकलाही एक मोजा दिला. मग माझ्याकडे वळली. पँट कमरेत दोन इंच सैल होती, टाचण्या लावता लावता विचारलं, जेवतेस की नाही. जेवते? दोन माणसांचं जेवते! सराव आहे हा. सत्तावन्नाव्या वर्षी कंबर आली, ती काय परत करू?

१९ मार्च

नदीच्या कोरड्या पात्रात दीड तास. उभं राहून चालवायचं, गुडघे सैल, नजर लांब. नवी स्प्रिंग दगड गिळते! पूर्वी प्रत्येक धोंडा पाठीच्या मणक्यात येऊन कळवायचा.

परत आल्यावर हात थरथरत होते, पेला धरवेना. छातीत नगारा. किती वर्षांनी एवढा आनंद झाला.

ह्यांनी पेल्याकडे पाहिलं. म्हणाले, वजन उतरलंय तुझं, डॉक्टरकडे चल. मी म्हटलं, गाडी विकून झाली नाही म्हणून आता मला आजारी पाडता का. आवाज चढला माझा. म्हणाले, "हल्ली तुला काही बोलायची सोय राहिली नाही."

"नव्हतीच कधी."

वजनकाटा ह्यांनी माळ्यावरून काढून न्हाणीघरात ठेवला होता. मी तो उचलून परत माळ्यावर टाकला.

२६ मार्च

दोनदा पडले, दोनदा उठले. हिशोब जुळला. झोप मात्र लागत नाही. पठार दिसतं.

३ एप्रिल

पंजे आज पुन्हा नीट टेकेनात. नवे मोजे जाड आहेत म्हणावं, तर मग पाय जास्त टेकायला हवेत. असो.

हे सकाळी फिरायला गेले ते दोन तासांनी आले. पायपुसण्यावर काळ्या तेलाचा डाग. विचारलं तर म्हणाले, रस्त्यात काहीतरी सांडलं होतं. माझ्या गाडीने केला असता तर केवढं व्याख्यान झालं असतं!

८ एप्रिल

स्प्रिंगवाल्याचा फोन. नवी स्प्रिंग सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावी लागते म्हणे, पठाराआधी येऊन जा. चोख माणूस आहे. अशी माणसं छापखान्यात असती तर माझे केस उशिरा पांढरे झाले असते.

९ एप्रिल

साठ.

पासष्टचे साठ कसे, म्हणून त्याने पुन्हा मोजलं. साठ. मला उतरवून नुसती गाडी मोजली. एकवीस, भिंतीवर खडूने लिहिलंय तेवढंच.

मी म्हटलं, स्प्रिंग बिघडली. त्याने मान हलवली. स्प्रिंग वापरून सैल पडली तर आकडा वाढतो, ताई, कमी होत नाही. आणि गाडी एकटी असताना जशी होती तशीच आहे. मग पुन्हा जमिनीकडे बघायला लागला.

"गाडीत फरक नाही. वर बसणाऱ्यात आहे."

त्याच्याकडे पार्सलं तोलायचा काटा होता. बूट काढून उभी राहिले. बावन्न.

साठ किलोची बावन्न झाले, सहा आठवड्यांत. आणि मला वाटत होतं, कंबर आली.

तिथून घरी नाही गेले. सरळ दवाखान्यात गेले, हेल्मेट हातात. रक्त दिलं.

११ एप्रिल

रिपोर्ट आला. गळ्यातली एक ग्रंथी, थायरॉइड. ती अंगातलं सगळं दामटवते आहे. डॉक्टरीणबाईंनी लक्षणं वाचून दाखवली: वजन उतरणं, भूक वाढणं, हात थरथरणं, छातीत धडधड, झोप उडणं, चिडचिड. पात्रातला माझा सगळा आनंद त्या कागदावर होता, एकेका ओळीत.

"चिडचिड तेवढी वगळा," मी म्हटलं. "ती मूळची आहे."

त्या हसल्या, पण नाडीवरची बोटं काढली नाहीत. म्हणाल्या, आणखी दोन महिने असंच राहिलं असतं तर हृदयाची लय बिघडली असती. आणि उभ्या चढावर, एकटीला, गाडीवर — त्यांनी दुसऱ्या हाताने औषधाची चिठ्ठी ओढली. गोळ्या रोज. गाडी दोन महिने बंद.

हे बाहेर बाकावर बसले होते. रिपोर्ट वाचला, घडी केली, खिशात ठेवला. 'बघ, मी सांगत होतो' असं म्हणाले नाहीत. त्याचाच राग आला.

१२ एप्रिल

तीस वर्षांत एकही पान उशिरा सोडलं नाही. पण मजकुरात घोळ आहे हे दिसत असताना वेळ गाठायची म्हणून पान सोडलं, असंही कधी केलं नाही.

कप्तानाला लिहिलं: अठराला येत नाही. जीपमधूनही येत नाही. पठार कुठे पळून जात नाही. जुलैत जाईन, ज्यांना यायचं त्यांनी यावं. गाडीची उंची आहे तेवढीच राहील.

उत्तर आलं, "मी येतो, काकू." बघू. आधी स्वतःची स्प्रिंग तपासून घे म्हणावं.

१८ एप्रिल

ते गेले. मी फोर्कच्या बाह्या धुतल्या.

१६ मे

रिक्षाने स्प्रिंगवाल्याकडे गेले होते, फोर्कचे सील आणायला. आभार मानायचे राहिलेच होते. म्हटलं, तुमचा सहा आठवड्यांचा नियम नसता तर माझं काही खरं नव्हतं.

तो जमिनीकडे बघायला लागला. "असा काही नियम नाही, ताई. साहेब आले होते, टेप घेऊन. म्हणाले, माझं ऐकायची नाही. गाडीचं ऐकेल."

घरी आले. हेल्मेट, जाकीट, बूट सगळं चढवलं. गाडीवर बसले, एक बोट भिंतीला. ह्यांना हाक मारली.

तीनदा मोजलं. सरासरी बासष्ट.